स्प्लेंडरचा अडलेला ऑइल बोल्ट: घरच्या घरी कसा सोडवायचा

तुम्ही आत्ता गाडीशेजारी जमिनीवर बसला असाल, जुनं ऑइल काढायच्या बोल्टवर पाना लावून जोर करून झाला असेल आणि बोल्ट हलत नसेल, तर आधी पाना काढून बाजूला ठेवा. ऑइल अजून इंजिनात आहे, म्हणजे गाडी अजून चालती आहे. जुन्या ऑइलवर आणखी चार दिवस शाळेत किंवा बाजारात जाऊन आलात, तर इंजिनाचं फारसं काही बिघडत नाही. पण बोल्टचं डोकं गोल झालं, किंवा चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या ज्या खालच्या भागात ऑइल साठतं त्याचे, आटे निघाले, तर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागेल. तेव्हा घाई करू नका.

मी देवगड तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझी स्प्लेंडर प्लस 2007 सालची, हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची. घर ते शाळा 11 किलोमीटर, त्यातला बराच रस्ता समुद्राच्या अंगाने जातो. पावसाळ्यात लाल चिखल इंजिनाच्या पोटाला चिकटतो, उन्हाळ्यात त्यावर खारा वारा बसतो. चांगलं गॅरेज लांब आहे, म्हणून गेली बारा-तेरा वर्षं ऑइल मीच बदलतो. एवढ्या वर्षांत बोल्ट खरोखर अडला तो तीनदा. पहिल्यांदा मी सगळं चुकीचं केलं, दुसऱ्यांदा निम्मं. तिसऱ्यांदा बोल्ट पंधरा मिनिटांत सुटला. त्यातून जे कळलं ते सविस्तर सांगतो, कारण हे काम एकटं बसून करणारे आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांना शेजारी बसून सांगणारं कुणी नसतं.

आधी दिशा पक्की करा

बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली आहे आणि त्याचं डोकं जमिनीकडे आहे. आपण वरून वाकून बघतो तेव्हा उलट-सुलटचा घोळ होतो. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून, म्हणजे खालून वर बघताना, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलं की तो सुटतो. वरून बघताना मात्र हेच फिरणं काट्यांच्या दिशेने दिसतं. अडलेल्या बोल्टांमधले कित्येक अशाच घोळात आणखी आवळले गेलेले असतात.

लक्षात ठेवायला सोपं असं: गाडीच्या डाव्या बाजूला, म्हणजे गिअरच्या बाजूला बसा. पान्याची दांडी तुमच्याकडे येऊ द्या. आता दांडी पुढच्या चाकाकडे ढकलली की बोल्ट सुटतो, मागच्या चाकाकडे ओढली की आवळतो. मी हे खडूने फरशीवर बाण काढून ठेवतो. एवढी वर्षं करूनही काढतो, कारण जोर लावताना माणूस दिशेचा विचार करत नाही.

उजव्या बाजूला बसू नका. तिथून सायलेन्सरचा पाइप खाली उतरतो आणि इंजिन थोडं जरी चालवलेलं असेल तरी हाताला चटका बसतो.

या दिशेचा आणखी एक परिणाम आहे आणि तो धोक्याचा आहे. डावीकडून दांडी पुढे ढकलता तेव्हा तुम्ही अख्खी गाडीच पुढे ढकलत असता. मधलं स्टँड गाडी पुढे सरकली की मिटतं. म्हणजे बोल्ट न सुटता गाडी स्टँडवरून उतरू शकते आणि तुमचा हात तिच्या खाली असतो. म्हणून गाडी मधल्या स्टँडवर सपाट, कडक जमिनीवर लावा, पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीशी घट्ट बांधून टाका. घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्याला मागची सीट धरून उभं राहायला सांगा. शेणाने सारवलेल्या अंगणात हे काम करू नका, स्टँड रुततं. साइड स्टँडवर तर मुळीच नको.

वरचं झाकण आधी

ऑइल भरायचं झाकण, ज्याला मोजपट्टी असते ते, बोल्टला हात लावण्याआधी उघडून बघा. एखाद्या वेळी तेच इतकं घट्ट असतं की हाताने निघत नाही. खालचं ऑइल सांडून बसलात आणि वरचं झाकण उघडेना, तर नवीन ऑइल भरणार कुठून? मी हे कोणत्याही ऑइल बदलाच्या आधी करतो, बोल्ट अडलेला असो वा नसो. उघडलं की परत सैलसर लावून ठेवा, कचरा आत पडू देऊ नका.

नवीन ऑइल, नवीन वायसर (बोल्टच्या डोक्याखालची चकती) आणि जमलं तर नवीन बोल्ट, हे तिन्ही हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. माझ्याकडे डब्यात एक जादा बोल्ट आणि चार-पाच अ‍ॅल्युमिनियमचे वायसर कायम असतात. त्यांना किंमत किरकोळ पडते, पण रविवारी दुपारी दुकान बंद असताना त्यांचं मोल कळतं.

बोल्ट नेमका कशाने अडतो

इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण कारण कळलं की उपाय आपोआप कळतो.

पुष्कळांना वाटतं की बोल्ट गंजला म्हणून अडला. आटे तर आतल्या बाजूने सतत ऑइलमध्ये भिजलेले असतात, तिथे गंज सहसा धरत नाही. मग अडवतं कोण? पहिलं कारण म्हणजे मागच्या वेळी आवळणारा हात. माझा बोल्ट पहिल्यांदा अडला तो असाच. प्रवासात एका ठिकाणी घाईत ऑइल बदलून घेतलं होतं आणि तिथल्या पोराने पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला होता. मी तेव्हा समोर उभा होतो आणि बोललो नाही. गाडीचं काम घट्ट करतोय म्हणजे चांगलंच करतोय, असं मला वाटलं होतं.

दुसरं कारण वायसर. अ‍ॅल्युमिनियमचा मऊ वायसर जोराने दाबला गेला की बोल्टच्या डोक्याच्या खाली आणि चेंबरच्या तोंडावर चिकटून बसतो. तोच वायसर पाच-सहा वेळा वापरला असेल तर तो पार चपटा होतो, मग ऑइल झिरपू नये म्हणून माणूस बोल्ट दर वेळी थोडा जास्त आवळतो.

तिसरं कारण बाहेरून. बोल्टचं डोकं पोलादाचं, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि चिखल, की त्यांच्या सांध्यावर पांढरट पूड धरते. हे किनाऱ्यावरच्या गाड्यांना जास्त होतं. ही पूड डोक्याच्या कडेभोवती जमते आणि डोकं चेंबरला सिमेंटने लावल्यासारखं बसतं.

चौथं कारण आपल्याकडे फार दिसतं: कुणीतरी गळती थांबवायला बोल्टभोवती एम-सील लावलेलं असतं. त्यावर चिखल बसला की ते दिसतही नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला अर्धा तास मी एम-सीलशी झुंजत होतो आणि मला वाटत होतं की बोल्टशी झुंजतोय.

म्हणजे अडचण बहुतेक वेळा डोक्याखालच्या त्या वर्तुळात असते, आत खोल आट्यांत नाही. तिथे ताकदीपेक्षा सफाई, ऊब आणि ठोका जास्त कामाला येतात.

सफाई

रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश, तारेचा ब्रश आणि एक जाड सुई किंवा टोकदार खिळा घ्या. बोल्ट आणि त्याच्या भोवतालचा चार बोटं भाग आधी ओल्या फडक्याने, मग रॉकेलने धुवा. चिखल गेला की डोक्याच्या सहाही बाजूंना तारेचा ब्रश मारा. डोक्याच्या कोपऱ्यांत रंग किंवा मातीचा पातळ थर राहिला तरी गोटी (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना, सॉकेट) पूर्ण बसत नाही, अर्धा मिलिमीटर वर राहते आणि जोर लावला की सटकते.

मग सुईने डोकं आणि चेंबर यांच्या सांध्यातून गोल फिरत खरवडा. पांढरी पूड, एम-सीलचे तुकडे, जे निघेल ते काढा. चेंबरवर ओरखडे उठणार नाहीत इतपत जोर. सगळं वर्तुळ मोकळं दिसलं पाहिजे. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते निम्मा बोल्ट इथेच सुटतो.

आता सांध्यावर डब्ल्यूडी-40, म्हणजे अडलेले भाग सैल करायचा स्प्रे, मारायचं असेल तर मारा. बोल्ट खाली तोंड करून असल्याने ते थेंब थेंब गळून जातं, म्हणून कापसाची वात भिजवून डोक्याभोवती गुंडाळून ठेवा, तासभर तरी. पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. चपटा झालेला वायसर त्याला आत शिरू देत नाही. डोक्याच्या कडेची पूड सैल करणं एवढंच त्याचं काम.

पाना: इथे तडजोड नको

स्प्लेंडरच्या मूळ बोल्टला 17 नंबरचा पाना लागतो. आधी कुणी भलताच बोल्ट बसवला असेल तर वेगळं माप निघू शकतं, म्हणून लावून बघा. गोटी हाताने लावल्यावर डावी-उजवी हलवली तर जराही डुगडुगता कामा नये.

गोटी सहा कोनांची हवी. बाजारात बारा कोनांच्या गोट्या आणि रिंग पाने जास्त मिळतात, ते रोजच्या कामाला ठीक आहेत. पण बारा कोनांचा पाना बोल्टच्या फक्त कोपऱ्यांना धरतो. अडलेल्या बोल्टवर जोर आला की तो कोपरे चोळतो, आणि दोनदा सटकला की डोकं गोल झालंच. सहा कोनांची गोटी बाजूंच्या सपाट भागावर दाब देते. अर्ध्या इंची चौकोनाची, आखूड, सहा कोनी 17 ची गोटी आणि तिला लावायची साधी सरळ दांडी, एवढी खरेदी एकदाच करा. रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकडणारी कटकट वाजणारी दांडी, नको; अडलेल्या बोल्टवर रॅचेटचे दात तुटतात.

स्क्रू पाना आणि उघड्या तोंडाचा पाना आज पेटीतून बाहेरच काढू नका. पक्कड तर नाहीच.

माझ्या पहिल्या खेपेला मी बारा कोनी रिंग पाना लावून, पायाने दाबून जोर केला होता. तीन कोपरे गेले. आमच्याकडचे मेस्त्री तिठ्यावरून येता येता थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "जोर कशाक काढतास मास्तरांनू? आधी गोटी नीट बसवा." त्या दिवशी त्यांनी त्यांच्या पिशवीतली गोटी काढून हातोडीने दोन टोले देऊन बोल्टवर बसवली. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर बोल्ट सुटला. पुढचं बरंचसं मी त्यांच्याकडूनच शिकलोय.

ऊब

इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, मग बंद करून चावी काढून घ्या. चेंबर हाताला कोमट लागलं पाहिजे, चटका बसेल इतकं नको. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे चेंबरचं भोक बोल्टपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही खूप कमी असतो, पण चिकटलेल्या सांध्याला हलवायला तेवढा पुरतो. शिवाय कोमट ऑइल सगळं खाली येतं आणि मळही घेऊन येतं.

एवढ्याने भागलं नाही तर उकळतं पाणी. जाड सुती फडकं पक्कडीत धरून उकळत्या पाण्यात बुडवा आणि बोल्टभोवतीच्या चेंबरला दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तीन-चार वेळा तसं करा. फडकं शक्य तितकं चेंबरला लावायचं, बोल्टला नाही, कारण फुगवायचंय ते चेंबर. एम-सील लावलेलं असेल तर ते या उष्णतेने जरा मऊ पडतं आणि सुईने निघतं. घरात केस वाळवायचं यंत्र असेल तर तेही चालतं.

ज्योत मात्र नको. ब्लो लॅम्प, गॅसची शेगडी, मेणबत्ती, काहीही नको. वर कार्ब्युरेटर आहे, पेट्रोलची नळी आहे, खाली तुम्ही आत्ताच रॉकेलने धुतलंय. वेल्डिंगवाल्याकडे तापवून बोल्ट काढतात हे खरं, पण त्याच्याकडे टाकी उतरवलेली असते आणि त्याचा हात रोजचा असतो. अंगणात हे करून कुणाचं घर जळू नये म्हणून हा परिच्छेद लिहिला आहे.

ठोका

गोटी बोल्टवर पूर्ण चढवा. अर्धा किलोची छोटी हातोडी घ्या. इंजिनाखाली जागा कमी असते, म्हणून खांद्याने नाही, मनगटाने खालून वर गोटीच्या बुडावर ठोका द्या. पंधरा-वीस ठोके, एकसारखे, हलके पण स्पष्ट. जोराने एकच घाव घालू नका, चेंबर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि त्याला तडा जाऊ शकतो. हातोडी चेंबरला लागू द्यायची नाही हे तर आलंच. चष्मा घाला, खाली पडून वर बघताना पूड थेट डोळ्यात येते.

या ठोक्यांनी दोन गोष्टी होतात. गोटी कोपऱ्यांवर घट्ट बसते, आणि डोक्याखाली चिकटलेला वायसर किंचित हादरतो. आवाजाकडे लक्ष द्या. सुरुवातीला ठोका बोदा येतो, नंतर जरा खणखणीत होतो. मला तो फरक कळायला लागलाय. तुम्हालाही दोन-तीन खेपांनंतर कळेल.

आता दांडी. एका तळहाताने गोटी खालून वर दाबून धरा, ती तिरकी होता कामा नये. दुसऱ्या हाताने दांडी पुढच्या चाकाच्या दिशेने ढकला. हळूहळू वाढत जाणारा जोर इथे कमी उपयोगाचा. दांडीच्या टोकावर तळहाताची गादी किंवा लाकडी मोगरी घेऊन छोटे, झटक्याचे फटके द्या. झटका चिकटलेला सांधा तोडतो, सततचा जोर बोल्टला पिळतो. बोटं अशी ठेवा की बोल्ट एकदम सुटला तर ती जमिनीवर किंवा स्टँडवर आपटणार नाहीत.

बोल्ट नीट सुटतो तेव्हा "टक्" असा एक कोरडा आवाज येतो आणि दांडी थोडी पुढे जाते. तो आवाज आला की झालं. याउलट दांडी मऊपणे, लोण्यातून जावी तशी सरकत असेल आणि टक् आवाज आलाच नसेल, तर थांबा. बघा की गोटी कोपरे चोळतेय का. गोटी ठीक असेल तर बोल्ट पिळला जातोय किंवा आटे निघतायत. दोन्हीमध्ये पुढे जाणं महाग पडतं.

दांडीला पाइप लावून लांबी वाढवायची का? सफाई, ऊब आणि ठोका यांच्या दोन फेऱ्या झाल्यानंतर, दीड-दोन फुटांपर्यंत, आणि गाडी धरायला दुसरं माणूस असेल तरच. त्याहून लांब मी कधीच जात नाही. या बोल्टाचे आटे 12 मिलिमीटरचे आहेत आणि ज्या चेंबरमध्ये ते कापलेत ते मऊ धातूचं आहे. माणसाच्या अंगातली सगळी ताकद तीन फुटी दांडीने त्यावर पडली, तर आधी हार चेंबर मानतं.

काही जण सांगतात की आधी किंचित आवळायचा आणि मग सोडवायचा. लोखंडी कामात ही युक्ती चांगली चालते. आधीच पाइप लावून आवळलेल्या बोल्टवर मी ती वापरत नाही.

कोपरे गेलेच असतील तर

सगळे गेले नसतील तर 16 नंबरची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसते का बघा. घासलेल्या 17 च्या डोक्यावर ती बहुधा जबरदस्तीने चढते आणि नवे कोपरे पाडून धरते. बोल्ट नंतर गोटीतून काढायला त्रास होतो, पण तो बोल्ट तसाही फेकायचा आहे.

तेही नाही जमलं तर कानशीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट, एकमेकींना समांतर करा. अर्धा-पाऊण तास लागतो. मग त्या दोन बाजूंवर वाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पक्कड) इतकी घट्ट लावा की ती मिटवताना दोन्ही हात लागतील, आणि ग्रिपच्या दांडीवर मोगरीचे फटके द्या, त्याच दिशेने. ग्रिप एकदा जरी सटकली तरी परत कानस मारा, तशीच पुढे रेटू नका.

छिन्नीने डोक्याच्या कडेला खाच पाडून फिरवतात, तेही मी बघितलंय. छिन्नी सटकली तर ती चेंबरमध्ये घुसते. मी स्वतः तिथे काम थांबवतो आणि गाडी मेस्त्रीकडे नेतो. ऑइल आत आहे, गाडी चालत जाते. त्यांच्याकडे डोक्यावर नट वेल्ड करून काढायची सोय असते. त्या उष्णतेने सांधाही सुटतो. जाण्याआधी मोजपट्टीवर ऑइलची पातळी पुरेशी आहे एवढं बघा, कमी असेल तर वरून थोडं घाला.

सुटल्यावर

बोल्ट हाताने फिरायला लागला की खाली पसरट परात किंवा कापलेला पाच लिटरचा कॅन ठेवा. शेवटचे आटे उरले की बोल्ट वर दाबूनच फिरवा आणि मग एकदम बाजूला घ्या, ऑइल मनगटावर येणार नाही.

फिरवताना मध्येच कचकच लागली तर जबरदस्ती करू नका. अर्धा फेरा मागे, एक फेरा पुढे, असं करत बाहेर आणा.

बोल्ट पुसून उजेडात धरा. आट्यांमध्ये चकचकीत चांदीसारखी तार किंवा तुकडे गुंतलेले दिसले, तर ते चेंबरचे आटे आहेत. बोटाने भोकाच्या आत चाचपून बघा. एखाद-दुसरा बाहेरचा आटा गेला असेल तर नवा बोल्ट हाताने लावून बघा, तो शेवटपर्यंत सरळ, न डुलता जात असेल तर गाडी चालेल. बोल्ट डुलत असेल किंवा आवळताना फिरतच राहत असेल, तर लेथवाल्याकडून त्यात नव्या आट्यांची स्प्रिंग, म्हणजे हेलीकॉइल, बसवून घ्या. तो चेंबर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. टेफ्लॉनची टेप, दोरा किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. चालत्या गाडीत तो बोल्ट पडला तर ऑइल मागच्या टायरवर येतं, आणि घाटाच्या वळणावर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. इंजिन जाम होतं ते वेगळं.

जुना वायसर कधीकधी चेंबरलाच चिकटून राहतो. त्यावर दुसरा वायसर घातला की गळती ठरलेली. नखाने काढून टाका. चेंबरचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसा.

नवा बोल्ट, नवा वायसर, आणि पहिले चार-पाच आटे फक्त बोटांनी. पाना लावायचाच नाही. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागतोय. काढा आणि परत लावा. बोल्ट टेकला की मग गोटी. अ‍ॅल्युमिनियम चेंबरमधल्या 12 मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच घ्या. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, नसेल तर हिशेब असा: बोल्टपासून 25 सेंटिमीटरवर दांडी धरून 10 किलोची पिशवी उचलायला लागेल तेवढा जोर. भाजीची दहा किलोची पिशवी उचलून हाताला तो अंदाज आधी करून घ्या. वायसर दबल्याचं हाताला कळतं, तिथून पुढे फार नाही. मी आखूड दांडीनेच आवळतो, मोठी दांडी लगेच पेटीत टाकतो, म्हणजे मोहच होत नाही.

नवीन ऑइल 10डब्ल्यू-30, दुचाकीचंच. या इंजिनात क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, मोटारीचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. बाटलीवर जासो एमए असं छापलेलं असतं ते बघून घ्या. सगळी बाटली एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा, मग मोजपट्टी पुसून बघा. पट्टी आत टेकवायची, आटे आवळायचे नाहीत, आणि गाडी सरळ मधल्या स्टँडवर असली पाहिजे. वरच्या खुणेच्या वर जाऊ नका.

जुन्या ऑइलचं काय करायचं ते आजच ठरवा. आमच्याकडे जांभा दगड आहे, त्यातून पाणी झिरपतं तसं ऑइलही झिरपतं, आणि पन्नास पावलांवर विहीर असते. वाळवीसाठी वाशांना लावायला कुणी मागतं, मी देत नाही, पावसात ते धुऊन खालीच येतं. बाटलीत गाळून, बूच लावून मी ते तिठ्यावरच्या गॅरेजात नेतो; त्यांच्याकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं आणि ते उचलून नेणारा येतो. रॉकेलची चिंधीही त्याच पिशवीत.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा. सकाळी त्यावर डाग असेल तर बोल्ट आधी फडक्याने पुसून बघा, बऱ्याचदा चेंबरच्या कडेला राहिलेलं जुनं ऑइल असतं. परत कागद अंथरा. दुसऱ्या सकाळीही डाग दिसला, तरच दांडीला हात लावा, आणि तोही अगदी थोडा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा वाकून बघा. मी शाळेच्या पटांगणात गाडी लावताना बघतो, मुलं पण शेजारी वाकून बघतात आणि विचारतात, "सर, गळता काय?" दोन आठवडे कागद कोरा निघाला की मी टाकीखालच्या खोक्यातल्या वहीत तारीख आणि किलोमीटर लिहितो, आणि बाजूला "आखूड दांडी" असंही.